लांब केस आणि काळे कपडे एवढ्यावरून माणसावर संशय घ्यावा का?

गोदाकाठ, नांदेड

संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांत मेटल किंवा पंक हे रॉक संगीताचे प्रकार ऐकणारी, लांब केस, काळे टी-शर्ट आणि भुवईत रिंग अशा वेशात वावरणारी मुले-मुली थोडी असली तरी आहेत. भाड्याची खोली नाकारली जाणे, नाक्यावर फक्त त्यांचीच झडती होणे, 'नशा करतो का' असे नातेवाइकांनी आईला विचारणे, हे त्यांना नेहमीचे झाले आहे. हे किरकोळ आहे असे मला वाटत नाही. इंग्लंडमधील लँकेशायरच्या बेकप गावात ऑगस्ट २००७ मध्ये सोफी लँकेस्टर ही २० वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांना किशोरवयीन मुलांच्या टोळक्याने बागेत मारहाण केली. दोघेही गॉथ वेशात, म्हणजे काळे कपडे आणि गडद रंगरंगोटी अशा वेशात, वावरत असत. जखमी मित्राचे डोके मांडीवर घेऊन ती त्याला वाचवू पाहत असताना तिलाही लाथांनी तुडवले गेले. ती शुद्धीवर आली नाही आणि काही दिवसांतच गेली. न्यायाधीशांनी हा द्वेषातून झालेला गुन्हा मानला, आणि २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा समूहांवरील हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करू लागले.

पालक, लातूर

त्या मुलीचा खून भयंकर आहे, पण तो आमच्याकडील घरमालकांच्या माथी मारणे न्याय्य नाही. लातुरात गावोगावचे आईवडील शेत गहाण टाकून मुलांना शिकवणीसाठी ठेवतात. अशा वेळी मुलाचे दिसणे अचानक बदलले तर त्यांच्या पोटात गोळा येणारच. शिवाय वेश हा निवडीचा भाग आहे, आणि माणूस जे स्वतः निवडतो त्यावर इतरांनी मत बनवू नये, ही अपेक्षा मला पटत नाही.

कार्यकर्ता, बीड

माझा आक्षेप वेगळा आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आजही कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पोलीस सर्वांत आधी पोहोचतात. काळा टी-शर्ट घरी काढून ठेवता येतो, जात काढून ठेवता येत नाही. या दोन दुःखांना एका पंक्तीत बसवू नये.

गोदाकाठ, नांदेड

बीडच्या मित्रांचे म्हणणे मला मान्य आहे. पारध्याच्या वाट्याला येते ते कितीतरी मोठे आहे. परंतु कृत्य न पाहता माणूस पाहून निकाल देण्याची सवय दोन्हीकडे तीच आहे, आणि ती सवय किती दूर जाऊ शकते हे अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील वेस्ट मेम्फिसच्या खटल्यात दिसले. १९९३ मध्ये तेथे तीन लहान मुलांचे खून झाले. संशय तीन किशोरांवर गेला, आणि खटल्यात त्यांच्यापैकी एकाचे काळे कपडे, त्याला आवडणारे मेटल संगीत आणि त्याची पुस्तके हीसुद्धा त्याच्याविरुद्ध मांडली गेली. एकाला मृत्युदंड आणि इतर दोघांना जन्मठेप झाली. ते २०११ मध्ये सुटले, तोपर्यंत त्यांच्या आयुष्यातील १८ वर्षे तुरुंगात गेली होती. पालकांनी 'निवड' हा शब्द वापरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांबाबतच्या निकालात पेहरावाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानले आहे. त्यामुळे एखादी गोष्ट निवडलेली आहे म्हणून तिला संरक्षण नको, असे म्हणता येत नाही.

वाचक, तुळजापूर

आमच्या गावी देवीच्या नावाने केस राखलेला, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला आराधी दारात आला तर आपण त्याच्या परडीत जोगवा घालतो. कमरेला घुंगरू बांधून अंगावर आसूड ओढणाऱ्या पोतराजाला घाबरून कोणी पोलीस बोलावत नाही. म्हणजे आपल्याला लांब केस किंवा वेगळा वेश खुपत नाही. ओळखीच्या परंपरेची मोहोर त्यावर नसली की मात्र तोच वेश भीतिदायक वाटू लागतो.

पालक, लातूर

आराध्यामागे श्रद्धा आहे आणि तिचा अर्थ गावाला ठाऊक आहे. या मुलांच्या वेशाचा अर्थ आम्हाला ठाऊक नाही, म्हणून काळजी वाटते. माझे मत मी बदललेले नाही. मात्र चौकशी न करताच खोली नाकारणे चुकीचे आहे, एवढे मी मान्य करतो.

गोदाकाठ, नांदेड

मग सुरुवात तेथूनच करता येईल. घरमालकाने भाडे, रात्री परतण्याची वेळ आणि आवाज यांबाबत हव्या तेवढ्या कडक अटी घालाव्यात, पण त्या प्रत्येक भाडेकरूला सारख्याच असाव्यात. वसतिगृहात नशेची शंका असेल तर ती वागण्यावरून घ्यावी, आणि ती आली तर नीटनेटका भांग पाडलेल्या मुलालाही तेच प्रश्न विचारावेत.