एनपीसीसी (नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर) करू की पोस्ट बेसिक डिप्लोमा?

रात्रपाळी: बीएस्सी नर्सिंग झालंय, आयसीयूत वर्ष भरलं. पुढे काय घेऊ?

सिस्टरताई: डिप्लोमा 1 वर्षाचा. एनपीसीसी ही 2 वर्षांची रेसिडेन्सी, पदव्युत्तर पदवी. थिअरी जेमतेम 20 टक्के, बाकी सगळं बेडसाइड. प्रवेशाला नर्स म्हणून नोंदणी आणि किमान 1 वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो. अनुभवपत्रावर ‘आयसीयू’ लिहून घ्याच.

बेड नं. 7: एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आत्ताच पक्कं करा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पीओटू (ऑक्सिजनचा दाब) चुकतो. द्रव हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त उरलं तर पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) आणि बायकार्ब (बायकार्बोनेट) खोटे कमी दिसतात. मग व्हेंटिलेटरची सेटिंग्ज उगाच बदलली जातात.

सिस्टरताई: कफ प्रेशरही, म्हणजे श्वासनळीतल्या ट्यूबच्या फुग्याचा दाब. 20 ते 30 सेंमी पाणी, दाब मोजायच्या मॅनोमीटरनेच. पायलट बलून (त्याच ट्यूबचा बाहेर राहणारा छोटा फुगा) बोटाने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं बंद करा.