ब्लॅक टॉम बटलर : गद्दार, की आपलं घर सांभाळणारा माणूस?

किल्लेवेडा

ट्युडर काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या आयर्लंडचा विषय निघाला की थॉमस बटलर, म्हणजे ऑर्मंडचा १०वा अर्ल (अर्ल ही बड्या सरदाराची पदवी), ज्याला सगळे ब्लॅक टॉम म्हणायचे, त्याच्यावर 'इंग्रजांचा माणूस' असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. आणि त्याचा कट्टर वैरी गेरल्ड फिट्झगेरल्ड, डेस्मंडचा अर्ल, तो मात्र धर्मासाठी आणि देशासाठी मेलेला हीरो. मला हे अजिबात पटत नाही. म्हणून धागा काढतोय, जरा मोठा होईल, सांभाळून घ्या.

आधी घराणं बघा. बटलर हे नॉर्मन लोकांबरोबर आयर्लंडमध्ये आलेले जुने सरदार, किलकेनी आणि टिपररी हा त्यांचा मुलूख, टिपररीत तर स्वतःची कोर्टं चालवायचा हक्क, शिवाय बंदरात उतरणाऱ्या वाइनमध्ये पिढीजात हिस्सा. १५१५ला ७वा अर्ल मुलगा नसताना वारला. त्याची मुलगी मार्गारेट बुलिन घराण्यात दिलेली, म्हणजे पुढे राणी झालेली अ‍ॅन बुलिन ही तिची नात. इकडे आयर्लंडमध्ये भाऊबंदांपैकी पिअर्स रुआ बटलरने जमिनीवर ताबा घेतला होता, बुलिन मंडळी वारसा सोडायला तयार नव्हती. मग तोडगा निघाला की पिअर्सचा मुलगा जेम्स आणि अ‍ॅन बुलिन यांचं लग्न लावायचं म्हणजे भांडणच मिटलं. ते लग्न जुळलंच नाही, १५२९ला ऑर्मंडची पदवी अ‍ॅनच्या बापाला मिळाली, आणि बुलिन घराणं बुडाल्यावर १५३८ला पिअर्सकडे परत आली. तो जेम्स म्हणजे आपल्या टॉमचा बाप. म्हणजे एलिझाबेथ राणी आणि टॉम बुलिनांकडून लांबचे भाऊबहीण, राणी त्याला 'माझा काळा नवरा' म्हणायची असं सांगतात.

आता या बापाचं काय झालं? १५४६च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये एली हाऊसला जेवण होतं, त्यात विषबाधा होऊन जेम्स गेला, कारभारी गेला, डझनावर नोकरमाणसं गेली. आयर्लंडचा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राजाचा तिथला मुख्य प्रतिनिधी, सेंट लेजर याच्याशी त्याचं तेव्हा जोरदार वाजलेलं होतं. धड चौकशी कधी झालीच नाही. टॉम पंधरा वर्षांचा, दरबारात राजपुत्र एडवर्डबरोबर वाढत असलेला. त्या पोराने काय शिकायचं यातून? दरबारात आपलं कोणी नसेल तर आपलं घर एका जेवणात संपतं. पुढची साठ-पासष्ट वर्षं तो हेच डोक्यात ठेवून वागला. त्याला 'आयर्लंड देश' या हिशोबाने तोलणं चूक आहे, तो हिशोब तेव्हा डेस्मंडसुद्धा करत नव्हता.

कॉर्ककर

लेख चांगला आहे पण निष्कर्षाला कडाडून विरोध. मी कॉर्कला राहतो, यॉल हे बंदराचं गाव इथून गाडीने पाऊण तास. १५७९च्या नोव्हेंबरात डेस्मंड राणीविरुद्ध बंडात उतरला आणि त्याने यॉल लुटलं आणि जाळलं हे खरं, पण त्यानंतर ऑर्मंड तिथे आला आणि मेयरने गाव का लढवलं नाही म्हणून त्या मेयरला त्याच्याच घराच्या दारात फासावर चढवलं. अख्खं गाव लुटलं गेलेलं, माणसं पळून गेलेली आणि उरलेल्याला दारात फाशी! यात घर सांभाळणं कुठे आलं?

आणि १५८०ची मोहीम तुम्ही पूर्ण गाळलीत. राणीचा अधिकारी पेलम आणि ऑर्मंड दोघांनी मिळून मन्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या दक्षिण प्रांतात, शेतं जाळत, गुरं हाकलत, दिसेल त्याला मारत केरीपर्यंत मजल मारली. त्यातून जो दुष्काळ पडला त्यात १५८२च्या सुरुवातीपर्यंत सहा महिन्यांत तीस हजार माणसं उपासमारीने मेली असा अंदाज खुद्द एका इंग्रज अधिकाऱ्यानेच कळवलेला आहे. तेव्हाचा लॉर्ड डेप्युटी लॉर्ड ग्रे याचा सेक्रेटरी, कवी एडमंड स्पेन्सर, जो आयरिश लोकांचा मित्र मुळीच नव्हता, त्याने पण लिहून ठेवलंय की पायात त्राण नाही म्हणून माणसं रानातून हातांवर रांगत बाहेर यायची. लहानपणी बापाला विष घातलं गेलं, वाईट झालं, पण म्हणून हे सगळं माफ होतं का? मला हा युक्तिवादच धोकादायक वाटतो.

रानजाई

दोघंही अर्लांबद्दलच बोलताय, मधे आई आहे तिच्याकडे कोणी बघत नाही. टॉमची आई जोन ही स्वतः डेस्मंडच्या आधीच्या अर्लची मुलगी आणि वारस. म्हणजे बटलरांच्या घरात आलेली फिट्झगेरल्ड. सात मुलगे. नवरा विषाने गेल्यावर तिला आपल्याच भाऊबंदांतल्या गेरल्डशी लग्न करायचं होतं, दोन मोठी घराणी एक होतील या भीतीने दरबाराने तिचं लग्न सर फ्रान्सिस ब्रायनशी लावून दिलं, तो १५५०ला मेला आणि मग तिने गेरल्डशीच लग्न केलं. गेरल्ड तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी लहान. म्हणजे सावत्र बाप टॉमच्याच वयाचा, उलट थोडा लहानच.

आता कल्पना करा, वाइनचा हिस्सा यॉल आणि किन्सेलमध्ये कोणाचा, किलशीलन आणि किलफीकल ही गावं कोणाची, यावरून नवरा आणि मोठा मुलगा फौजा घेऊन समोरासमोर. १५६०ला बोहरमोरला दोन्ही फौजा उभ्या ठाकल्या होत्या, तेव्हा ही बाई दिवसच्या दिवस दोन्ही छावण्यांमधून घोड्यावरून ये-जा करत राहिली आणि लढाई न होता माणसं घरी गेली. १५६५च्या जानेवारीत ती वारली आणि ८ फेब्रुवारीला, म्हणजे पाच-सहा आठवड्यांत, अ‍ॅफेनला ब्लॅकवॉटर नदीच्या उतारावर दोघे भिडलेच. डेस्मंडची तीनेकशे माणसं पडली, तो स्वतः टॉमचा भाऊ एडमंड याच्या पिस्तुलाच्या गोळीने मांडीत जखमी होऊन पकडला गेला. त्याला खांद्यावरून नेताना कोणी तरी विचारलं कुठे गेला आता तो मोठा डेस्मंडचा अर्ल, तर तो म्हणाला, जिथे असायला हवा तिथेच, बटलरांच्या मानेवर, अशी गोष्ट सांगतात.

माझं म्हणणं एवढंच की जोन होती तोवर हे घरगुती भांडण होतं आणि घरात मिटत होतं. ती गेल्यावर ते राणीच्या हातात गेलं, आणि तिथून कोणाच्याच हातात राहिलं नाही.

किल्लेवेडा

रानजाई, एकदम पटलं, जोनबद्दल मीच लिहायला हवं होतं.

कॉर्ककर, दुष्काळ मी नाकारत नाही आणि मेयरच्या फाशीचं समर्थन तर कधीच करणार नाही. पण १५८०ला केरीच्या किनाऱ्यावर स्मेरिकला, बंडाच्या मदतीला येऊन शरण गेलेल्या सहाशेच्या आसपास इटालियन-स्पॅनिश सैनिकांची कत्तल झाली ती लॉर्ड ग्रेच्या हुकमाने, तिचं पाप टॉमच्या खात्यावर टाकतात तेही चूक. १५८१ला टॉमला मन्स्टरच्या सेनापतिपदावरून काढलं, का, तर हा फार मऊ वागतो, आपल्या नातेवाइकांना सांभाळून घेतो अशा दरबारात तक्रारी. राणीच्या मर्जीतल्या लेस्टरचा गट, आधीचा लॉर्ड डेप्युटी सिडनी हे सगळे त्याच्यावर टपलेलेच होते. १५८३ला परत नेमल्यावर त्याने काय केलं, डेस्मंड सोडून बाकी जो शरण येईल त्याला अभय दिलं. बंड संपलं ते त्यामुळे, माणसं डेस्मंडला सोडून आली. मग लंडनहून सुचवण्यात आलं की अभय दिलेल्यांवर कारवाई करता येईल, तर या माणसाने बर्लीला सरळ लिहून कळवलं की मी कोणाशीही दगा करणार नाही, त्यात राणीची अब्रू जाते आणि माझ्या शब्दाची किंमत पण. राणीच्या सगळ्यात ताकदवान मंत्र्याला असं लिहायला छाती लागते हो. निव्वळ हुजऱ्या असता तर मान डोलावून मोकळा झाला असता.

जुनीपानं

मी दोघांच्याही विरोधात आहे. ऑर्मंड चांगला की डेस्मंड चांगला हा प्रश्न फक्त वाड्यावर राहणाऱ्यांचा आहे. खाली शेतकऱ्याचं काय चाललं होतं ते बघा. 'कॉइन अँड लिव्हरी' नावाची पद्धत होती, म्हणजे अर्लचे सैनिक आणि घोडे गावात येऊन राहणार, त्यांचं खाणंपिणं, घोड्यांचा दाणा, वर रोख रक्कम पण शेतकऱ्याने द्यायची, आणि नाही म्हणायची सोय नाही. डेस्मंड हे करायचा आणि बटलरही करायचे. राणीचे अधिकारी ही पद्धत बंद करायला निघाले ते काही दयेपोटी नाही, या सरदारांच्या खाजगी फौजा मोडायच्या होत्या म्हणून, पण शेतकऱ्याला त्या फौजांचा काच खरोखरच होता.

आणि बटलर घराणं निष्ठावान होतं म्हणता? १५६९ला टॉमचे सख्खे भाऊ एडमंड, एडवर्ड आणि पिअर्स बंडात होते! सर पीटर कॅर्यू नावाचा इंग्रज शेकडो वर्षांपूर्वीची कागदपत्रं घेऊन आला आणि कार्लोमधली एडमंडची जमीन माझी म्हणाला, सरकारने ते उचलून धरलं, मग भाऊ पेटले आणि त्यांनी एनिस्कॉर्थीला ऐन जत्रेत शिरून लुटालूट आणि मारामारी केली. जत्रेला आलेल्या माणसांनी कोणाची जमीन खाल्ली होती? टॉम इंग्लंडहून घाईने आला, भावांना शरण यायला लावलं, जीव वाचवले त्यांचे. भाऊ म्हणून ठीक. पण हेच दुसऱ्या कोणाच्या भावांनी केलं असतं तर टॉमनेच फाशी दिली असती. जत्रेत मेलेल्यांना न्याय कोणी दिला नाही.

कॉर्ककर

जुनीपानं, +१. कॉर्क-केरीत आजही डेस्मंडबद्दल हळहळ आहे पण तोही स्वतःच्या हक्कासाठीच उठला होता हे मान्य.

किल्लेवेडा, ते पत्र मी पण वाचलंय, चांगलंच आहे. पण शेवट काय झाला ते सांगा ना. ११ नोव्हेंबर १५८३ला ट्रलीजवळ ग्लॅनगीन्टीच्या रानात एका झोपडीत डेस्मंडला गाठून मारलं, डोकं राणीकडे पाठवलं आणि ते लंडन ब्रिजवर लावलं. बायको एलिनर, ती पण मूळची बटलरच हं, पोरांना घेऊन देशोधडीला. आणि मग मन्स्टरची लाखो एकर जमीन जप्त करून इंग्लंडहून आणलेल्यांना वाटली, एकट्या वॉल्टर रॅलेला यॉल आणि लिस्मोरच्या बाजूला ४२,००० एकर, स्पेन्सरला किलकोलमन. हे दार कोणी उघडलं? टॉमने शब्द पाळून पाळून ज्यांना अभय दिलं त्यांच्या पोरांना शेवटी त्याच जमिनीवर परक्याची कुळं व्हावं लागलं. त्याचा हेतू काय होता ते त्याच्यापाशी, मी परिणाम बघतो.

किल्लेवेडा

परिणाम बघा, पण पर्याय काय होता तेही बघा. टॉम डेस्मंडला मिळाला असता तर किलकेनी आणि टिपररीची पण वाटणी झाली असती, एवढंच.

कॅरिक-ऑन-शुअरचं त्याचं घर कोणी पाहिलं नसेल तर जरूर बघा, १५६५च्या सुमाराला बांधलेलं. जुन्या किल्ल्याला चिकटून पुढे मोठाल्या खिडक्यांचा वाडा. त्या काळात आयर्लंडमध्ये कोणी एवढ्या खिडक्या ठेवत नव्हतं, भिंत जाड आणि झरोका बारीक, कारण कोण कधी चालून येईल सांगता येत नाही. वर लांबलचक दिवाणखाना, तिथे भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाचं काम, एलिझाबेथचा चेहरा, तिचा भाऊ एडवर्डचा चेहरा, आणि राणीच्या दोन बाजूंना न्याय आणि समता यांच्या बायकांच्या मूर्ती. राणी येईल म्हणून बांधलं म्हणतात, ती काही आली नाही. ज्याच्या बापाचा विष घालून जीव घेतला त्याने उघड्या खिडक्यांचं घर बांधायची हिंमत केली, मला त्या खिडक्या बघून या माणसाबद्दल खरंच आदर वाटला. आणि हाच माणूस आयरिश कवींना बिदागी देऊन आयरिशमध्ये कविता करवून घेत होता.

रानजाई

घर बांधलं खरं पण त्यात राहायला कोण उरलं? तीन लग्नं. पहिली एलिझाबेथ बर्कली, चार-पाच वर्षांतच वेगळे झाले. दुसरी एलिझाबेथ शेफील्ड, तिच्यापासून दोन मुलगे, दोन्ही बापाच्या हयातीत गेले, उरली एक मुलगी, तिचं नावही एलिझाबेथ. म्हातारपणी तिसरी, हेलेना बॅरी. १६००ला एप्रिलमध्ये, म्हणजे सत्तरीला टेकलेला असताना, बोलणी करायला गेला आणि आयरिश बंडखोर ओनी ओ'मोरने त्याला पकडून ठेवलं, ओलीस देऊन जूनमध्ये सुटका. शेवटी दृष्टी गेली. १६१४ला कॅरिकला वारला.

आणि त्या मुलीचं काय केलं? घराणं फुटू नये म्हणून आधी तिचं लग्न चुलतभाऊ थिओबॉल्डशी लावलं, तो १६१३ला मेला. मग राजा जेम्सने आपल्या मर्जीतला स्कॉटिश सरदार रिचर्ड प्रेस्टन तिला नवरा म्हणून दिला आणि जमिनीचा मोठा वाटा तिकडे ओढला. पदवी मिळालेला पुतण्या वॉल्टर हा कट्टर कॅथलिक, त्याने राजाचा निवाडा मानला नाही तर त्याला लंडनच्या फ्लीट तुरुंगात कित्येक वर्षं डांबलं आणि टिपररीचे ते जुने अधिकार पण काढून घेतले. साठ वर्षं राणीची चाकरी करून मिळवलं ते मरणानंतर दहा वर्षं पण टिकलं नाही. जोनची मुलगी असती तर तिने तरी काही वेगळं केलं असतं असं मला फार वाटतं.

कॉर्ककर

हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय. निष्ठा दाखवून घर वाचत नाही, राजा बदलला की संपलं. वॉल्टर तुरुंगात गेला तेव्हा त्याच्या काकाची सेवा कोणाच्या लक्षात होती?

किल्लेवेडा

पण पुढचं पान उलटा ना कॉर्ककर. १६२९ला वॉल्टरचा नातू जेम्स बटलरने त्या प्रेस्टनच्या मुलीशी, म्हणजे टॉमच्या नातीशी लग्न केलं आणि जमीन परत एक झाली. तोच पुढे ऑर्मंडचा पहिला ड्यूक. आता दुसऱ्या बाजूला डेस्मंडचा मुलगा बघा. राणीच त्याची गॉडमदर, आणि तिच्याच लंडन टॉवरमध्ये तो १५८४ ते १६०० कोंडलेला. मन्स्टरमध्ये पुन्हा पेटलेलं बंड शमवायला त्याला अर्ल करून तिथल्या किलमॅलक गावी पाठवलं, लोक रस्त्यावर, खिडक्यांत, छपरांवर गर्दी करून त्याला बघायला आले, रविवारी तो प्रोटेस्टंट चर्चमध्ये गेला आणि बाहेर येताना तेच लोक त्याच्यावर थुंकले. परत लंडनला गेला आणि १६०१ला मेला, तिशीच्या आसपास. लग्न नाही, वारस नाही.

कॉर्ककर

तो पोरगा तसा वाढला कारण त्याला टॉवरमध्ये वाढवलं, आणि टॉवरमध्ये ठेवलं कारण त्याच्या बापाची शिकार झाली. शिकारीचा सेनापती कोण होता ते वर लिहिलेलंच आहे. यावर आपलं एकमत होणार नाही, पण किलमॅलकचा प्रसंग आठवण करून दिल्याबद्दल आभार, पुढच्या सुट्टीत तिकडे जाणार आहे.