वाकळ जळली, फाटली, भिजली तेव्हा तुम्ही काय केलेत? अनुभव सांगावेत

खानापूरची माहेरवाशीण
काल दुपारी आमच्या सूनबाईंच्या हातून बाळाच्या वाकळेवर, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेल्या गोधडीवर, गरम इस्त्री राहिली आणि तळव्याएवढा भाग करपला. ती कावरीबावरी होऊन वाकळ घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, तेव्हा मला चाळीस वर्षांपूर्वीचा माहेरचा पावसाळा आठवला. खानापूरकडच्या पावसात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, म्हणून शेगडीत निखारे घालून त्यांवर बांबूची बुट्टी पालथी घालायची आणि तिच्यावर ओली वाकळ पसरायची, अशी आमच्याकडे रीत होती. त्या दिवशी राखण माझ्याकडे होती आणि मी सोप्यात पुस्तक वाचत बसले होते. जळका वास आला तोवर आजीच्या वाकळेला भाकरीएवढे भोक पडले होते.

आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने सुई ओवून माझ्या हातात दिली. भोकाभोवतीची काळी, कडक झालेली कड तिने आधी कातरून काढली, कारण जळलेल्या सुती कापडाचा चुरा होतो आणि त्यात टाका धरत नाही. मग आतल्या चिरगुटांचे जेवढे थर जळले होते तेवढेच थर जुन्या धोतराच्या तुकड्यांनी भरले आणि वर आपल्याच इरकली लुगड्याचे ठिगळ ठेवले. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी चार बोटे मोठे होते. पहिला टाका धड कापडातून घालायचा, जुन्या धावदोऱ्याची ओळ जिथे तुटली आहे तिथून ती पुढे न्यायची आणि पलीकडच्या धड कापडात नेऊन संपवायची, असे तिने मला बजावले होते. आजूबाजूचा एकही जुना टाका तिने मला उसवू दिला नाही. आपणही असे काही केले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीकर
आमचे घर वेदगंगेच्या काठी आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आईच्या तीन वाकळा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर त्या उचलताना आम्ही मोठी चूक केली. दोघांनी दोन टोके धरून ओढल्यामुळे गाळाने आणि पाण्याने जड झालेली वाकळ मधोमध फाटली, कारण भिजलेल्या कापडाचा सगळा भार जुन्या दोऱ्यांवर आला. उरलेल्या दोन वाकळांखाली मग चादर सरकवली आणि झोळी करून त्या बाहेर आणल्या. पिळल्या मुळीच नाहीत, आडव्याच पसरून निथळू दिल्या. फाटलेल्या वाकळेला आईने खालून संपूर्ण नवे अस्तर लावले आणि मधल्या फाटीवर लांब पट्टी शिवली. ती पट्टी आजही वेगळी दिसते आणि ती झाकावी असे आम्हांला कधी वाटले नाही.

शहापूरची विणकरकन्या
ताई, ठिगळाच्या कापडाविषयी लिहिते, कारण आमच्या घरी माग होता. कोऱ्या कापडात खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते आटते. तसेच शिवले, तर धुतल्यावर ठिगळ आकसते आणि भोवतालची जुनी, विरलेली वाकळ ओढून सुरकुत्या पाडते, कधीकधी फाडतेसुद्धा. म्हणून कापड दोन-तीनदा धुऊन घ्यावे, आणि घरातलेच वापरून मऊ झालेले मिळाले तर उत्तमच. दुसरे असे की ठिगळाचा ताणा, म्हणजे कापडातले उभे धागे, वाकळेच्या ताण्याच्या दिशेनेच ठेवावा. कापड तिरके ठेवले की ते ताणले जाते आणि ठिगळाला झोळ येतो. मी लहानपणी हे न ऐकता एक ठिगळ लावले होते आणि आईने ते अख्खे उसवायला लावले होते.

उचगावची सून
माझ्या मुलाने कात्रीने वाकळेचा कोपरा कापला. शेजारच्या कन्नड आक्कांनी (कन्नडमध्ये वाकळेला कौदी म्हणतात) आपल्या जुन्या साडीचा काठ आणून दिला. आमच्या वाकळेला आता त्यांच्या घरचा कोपरा आहे.

चिकोडीचा शिंपी
मी शिलाईकाम करतो आणि पुष्कळ जण वाकळ घेऊन मशीनवर टाके मारून मागतात. मी नम्रपणे नकार देतो. एक तर पाच-सहा थरांत सुई अडते, आणि अडली नाही तरी मशीनचे बारीक, दाट टाके विरलेल्या कापडाला ओळीने भोके पाडतात. पुढे वाकळ त्याच ओळीवर फाटते. हाताचा धावदोरा विरळ आणि सैल असतो, त्यामुळे तो वाकळेबरोबर हलतो. दोरा सुतीच वापरावा. नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही, जुने कापड मात्र कापत जातो.

हल्याळची काकू
आमच्या हल्याळ भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवांदी म्हणजे त्यांच्या पद्धतीची वाकळ शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून गोल फिरत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. कुत्र्याच्या पिल्लाने आमच्या कवांदीचे एक फूल तोडले होते. मी तीन फुलांवर भागवून घेतले होते, पण जिने ती शिवली होती ती बाई घरी आल्यावर आधी तो कोपरा हातात घेऊन बसली. फुलाशिवाय कवांदी पुरी होत नाही, असे तिचे म्हणणे होते. चहा निवून गेला, तरी फूल लागेपर्यंत तिने कपाला हात लावला नाही.

निपाणीकर
शिंपीदादा, नायलॉनचे आपण सांगितलेत ते अगदी पटले. आमच्या अस्तराला तोच दोरा आहे आणि दोन ठिकाणी कापड कापले गेले आहे. आता काय करावे?

चिकोडीचा शिंपी
ओढून काढू नये. बोटभर अंतरावर दोरा कातरत जावे आणि उलट बाजूने तुकडे उचलावेत. एक ओळ काढली की तिच्या शेजारून सुती दोऱ्याची ओळ आधी घालावी आणि मगच पुढची ओळ काढावी, म्हणजे आतली चिरगुटे सरकणार नाहीत.

खानापूरची माहेरवाशीण
सर्वांचे मनापासून आभार. विणकरकन्येचे वाचून मी ठिगळासाठी काढलेले नवे कापड परत ठेवले आणि माझ्या जुन्या सुती साडीचा पदर कापला. करपलेली कड आज सूनबाईंनी स्वतः कातरली. आतले दोन थर वाचले आहेत, त्यामुळे एकच थर भरावा लागेल. दोरा मी तिला हातभरच घ्यायला सांगितला आहे, कारण लांब दोऱ्याला गुंता होतो आणि थरांतून ओढून ओढून तो झिजतो. गाठ मात्र तिने वरच ठेवली होती. बाळाच्या अंगाला ती टोचेल, म्हणून ती दोन थरांच्या मधे सरकवायला लावली.