हेलिओस ४४-२ की ४४एम-४?
दादा, हेलिओसच्या या दोन जुन्या सोव्हिएत लेन्सपैकी मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावायला कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी ४४-२च सांगेन. दोन्हींचं नाभीय अंतर ५८ मिमी, प्रकाश आत सोडणारं छिद्र (अॅपर्चर) जास्तीत जास्त एफ २, मूळ आराखडा जर्मन बायोटार लेन्सचा. छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर आमच्या यावलकडच्या केळीच्या बागेत पानांमधले कवडसे दोन्हींच्या फोटोत गोल फिरल्यासारखे, सारखेच गरगरतात. छिद्र थोडं बंद केलं की फरक दिसतो: ४४-२ला छिद्र लहान-मोठं करणारी ८ पाती, कवडसे गोलसर राहतात, ४४एम-४ला ६, तिथे षटकोन होतात.

आणि महत्त्वाचं, ४४एम-४ची मागची पिन दाबणारा अडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) नसेल तर छिद्र बंदच होत नाही. तापीकाठची माझी एक अख्खी सकाळ त्यात गेली, फार हळहळलो. ४४-२चं छिद्र थेट रिंगने चालतं. घेताना पात्यांवर तेल आलंय का, तेवढं बघा.