मदत हवी आहे: तूर संपली, संत्र्याला अजून मोहर नाही. मधल्या काळात सातेरीला (देशी पाळीव मधमाशीला) पराग कुठून?

धुऱ्यावरचा
काटोल तालुका, संत्र्याची बाग, सातेरीच्या 8 पेट्या. नोव्हेंबरभर तुरीवर माशा जोरात होत्या. तूर शेंगांवर आली तशी पायाला पराग लावून येणारी माशी क्वचितच दिसते. साखरेचा पाक रोज संध्याकाळी देतो, तो संपतोही. तरी 6 फ्रेमवरच्या (पोळ्याच्या चौकटींवरच्या) वसाहती 4 वर आल्या. राणी आहे, अंडीही दिसतात, पण पुढच्या तपासणीला त्याच घरांत अळ्या नसतात. मेणकिडा, मुंग्या नाहीत. भोवताली हरभरा, गहू आणि उभी पऱ्हाटी (कपाशी) आहे. बागेला आंबिया बहाराचा ताण चालू आहे (मोहर यावा म्हणून पाणी तोडलंय), म्हणजे जानेवारीच्या शेवटापर्यंत फूल नाही. एवढं हिरवं वावर असून माशा उपाशी कशा? आणि आता काय द्यावं?

जवसफूल
वावर हिरवं असलं तरी त्यात माशीच्या कामाचं काही नाही. गव्हाला मकरंद नसतो. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण आटोपून घेतं, त्यामुळे माशी तिथे फारशी थांबत नाही. कपाशीचे परागकण मोठे आणि काटेरी असतात, पायावर गोळी नीट बसत नाही. पऱ्हाटीवर दिसणाऱ्या माशा बहुतेक मकरंदासाठी आलेल्या असतात.

पाकातून फक्त ताकद मिळते. अळीला लागणारं दूध दाई माशा पराग खाऊनच तयार करतात. पराग तुटला की त्या अंडी आणि लहान अळ्या खाऊन प्रथिनं परत मिळवतात. तुमच्या पेटीत तेच चाललंय. खात्री करायची तर दुपारी 12 नंतर मधली फ्रेम उचला आणि उन्हाकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी पडेल. चांगली अळी पांढऱ्या दुधात तरंगताना चकाकते. उपाशी अळीभोवती घराचा तळ कोरडा असतो. ब्रूडच्या (अंडी-अळ्यांच्या घरांच्या) कडेला रंगीत परागाची पट्टी दिसली नाही, तर निदान झालं.

सातेरीच्या बाबतीत हे ताणू नका. मेलिफेरा (विदेशी पाळीव माशी) अशा वेळी पेटी धरून बसते, सातेरी सरळ पोळं सोडून निघून जाते.

धुऱ्यावरचा
पट्टी नाहीच, तळही कोरडे. बाजारात पराग मिळत नाही. सोयाबीन घरचंच आहे, ते दळून दिलं तर?

रानमोहर
घरचं दळलेलं नको, भाऊ. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. शिवाय तेल असल्यामुळे पीठ खवट होतं. तेल काढलेलं, उष्णता दिलेलं सोयापीठच घ्या.

प्रमाण असं: सोयापीठ 300 ग्रॅम, ब्रूअर्स यीस्ट 100 ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची भुकटी 100 ग्रॅम, घरी दळलेली साखर 500 ग्रॅम. हे स्वतःच्या निरोगी पेटीतल्या मधात मळा. गोळा पुरणाइतका मऊ हवा; सैल झाला तर फ्रेमवरून ओघळतो, घट्ट झाला तर माशा तोडत नाहीत. बेकरीचं जिवंत यीस्ट वापरू नका, ते फसफसतं आणि माशांना हगवण लागते. तयार पिठीसाखरेत बहुतेक वेळा स्टार्च असतो, म्हणून ती नको. विकतचा मध तर अजिबात नको, त्यातून रोग येऊ शकतो.

50 ग्रॅमची चपटी पोळी (पॅटी) करून बटर पेपरमध्ये ठेवा, खालच्या बाजूने कागदाला चिरा द्या आणि ब्रूडच्या बरोबर वर, फ्रेमच्या पट्ट्यांवर टेकवा. थंडीत माशा घोळक्यापासून दूर जात नाहीत, कडेला ठेवलेली पॅटी तशीच राहते. 5-6 दिवसांत जी उरेल ती काढून ताजी द्या. ज्या फ्रेमवर माशा नाहीत त्या बाहेर काढून आडवी फळी आत सरकवा. कमी माशांना मोठी जागा ऊब देऊन सांभाळता येत नाही. पाक आता साखर आणि पाणी समप्रमाणात, पेटीमागे 200 मिली, सगळ्या पेट्यांना एकाच संध्याकाळी. प्रवेशद्वार दोन माशांपुरतं करा, नाहीतर कमजोर पेटी लुटली जाईल.

जवसफूल
पॅटीने निभावेल, पण खऱ्या परागाची सर तिला नाही. आसपास कुठे जवस, मोहरी किंवा मका फुलावर आहे का बघा. असेल तर सगळ्या पेट्या रात्री तिकडे हलवा. जवसाचा पराग निळसर असतो, पायावर लगेच ओळखू येतो. मात्र जवसाच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळतात आणि मकाही सकाळीच पराग सोडतो. पेटी झाडाच्या सावलीत असली तर थंडीत माशा उशिरा निघतात आणि तोवर फड उठलेला असतो. म्हणून तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन थेट पेटीवर. नुसत्या मक्यावर भिस्त नको, त्याचा पराग प्रथिनांना हलका. धुऱ्यावरची (बांधावरची) कंबरमोडी (एकदांडी) तणनाशकाने जाळू नका, या दिवसांत तीच रोज थोडा पराग देते.

पुढच्या वर्षासाठी आत्ताच ठरवा. मोहरी 40-45 दिवसांत फुलते: ऑक्टोबरच्या मध्यापासून 15-15 दिवसांनी तीन टप्प्यांत पेरली तर डिसेंबर-जानेवारी भरून निघतो. सोबत बियांसाठी सोडलेला सांभार (कोथिंबीर), आणि कडेने करडई. करडई जानेवारीत फुलते आणि तिचा पराग भरपूर. विहिरीजवळ चार-दोन शेवगे लावा.

धुऱ्यावरचा
शेजारी दीड एकर जवस आहे, त्यांच्याशी बोलतो. त्यांच्या उशिराच्या तुरीवर अळीसाठी इमामेक्टिन (कीटकनाशक) मारायचं चाललंय. पेट्या तिकडे नेऊ का?

रानमोहर
फवारणी होईपर्यंत नेऊ नका. इमामेक्टिन माशीला घातक आहे, फवारा ओला असताना सर्वांत जास्त. त्यांना सूर्य मावळल्यावर फवारायला सांगा आणि त्यानंतर दोन दिवस थांबून पेट्या न्या. फुलं कमी उरली असतील आणि अळी लहान असेल तर 5 टक्के निंबोळी अर्कावर भागतं का, तेही विचारा. तुमच्या बागेतही ताण तोडल्यावर नवतीवर (नव्या पालवीवर) सायला (रस शोषणारी कीड) येईल. त्याची फवारणी कळ्या उमलायच्या आधी उरका. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम झाडात भिनून मकरंदात उतरतात, ते मोहराच्या तोंडावर नकोच.

संत्र्याची पहिली फुलं उमलली आणि दारावर परागवाल्या माशा सलग दिसू लागल्या की पॅटी बंद करा. पाक त्याच्या आठवडाभर आधीच थांबवा, नाहीतर साखर मधाच्या घरांत जाऊन बसेल.