मदत हवी आहे: नोव्हा स्कॉशियात मिकमॅक या मूळनिवासी लोकांना बंदीच्या काळात शेवंड (लॉबस्टर) पकडायचा हक्क आहे की नाही?

हर्णैकर:
नमस्कार मंडळी. घरची होडी होती, आता कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या नैऋत्य टोकाला शेवंडीच्या कारखान्यात आहे. इथल्या वाचनालयात ‘तुमच्याकडची मासेमारी आणि इथली’ यावर बोलायला हो म्हणून बसलोय, आणि वाचावं तितका गुंता वाढतोय.

मला कळलेलं असं. डोनाल्ड मार्शल या मिकमॅक माणसाने 1993 मध्ये 463 पौंड वाम मासे पकडून 787 डॉलरना विकले. लायसन नाही, वर बंदीचा काळ. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 17 सप्टेंबर 1999 ला तो सुटला, कारण ब्रिटिशांशी झालेल्या 1760-61 च्या तहांनी त्याच्या लोकांना मासे पकडून, विकून माफक उपजीविका करायचा हक्क दिलाय. मग नोव्हेंबरमध्ये तेच न्यायालय म्हणालं, सरकार या हक्कावर नियम लावू शकतं. म्हणजे काय? एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं? कारखान्यातले म्हणतात, ‘सीझन सगळ्यांना सारखा हवा.’ खरं सांगायचं तर मलाही ते पटतं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी म्हणजे बंदी.

खाडीपलीकडे:
आधी तुमचं शेवटचं वाक्य. आपल्याकडेही बिगरयांत्रिक होड्यांना ती बंदी लागू नसते, हे हर्णैच्या माणसाला मी काय सांगू!

आता मार्शल. दोन निकाल एकमेकांना छेद देत नाहीत. हक्क तहातून येतो, लायसनमधून नाही. आणि 1982 च्या राज्यघटनेच्या कलम 35 मुळे त्याला संरक्षण आहे. सरकारला तो आवळायचाच असेल तर कारण सिद्ध करावं लागतं, आधी त्या लोकांशी बोलावं लागतं. माशांचं संवर्धन हे मोठं कारण, पण ‘संवर्धन’ एवढा शब्द उच्चारून भागत नाही. घोडं अडलंय ते इथे: ‘माफक’ म्हणजे किती सापळे, किती पैसे, हे आजतागायत ठरलेलं नाही. सरकारने 1999 नंतर निवृत्त होणाऱ्यांची लायसनं विकत घेऊन मिकमॅक वस्त्यांना दिली. ती मासेमारी इतरांच्याच सीझनमध्ये, इतरांच्याच नियमांनी चालते. बरेच मिकमॅक म्हणतात, हा आमचा तहाचा हक्क नव्हे.

म्हणून 2020 मध्ये, निकालाला बरोबर 21 वर्षं झाली त्या दिवशी, सिपेकनेकॅटिक वस्तीने सोल्निएरव्हिल धक्क्यावर, बंदीच्या काळातच, स्वतःची लायसनं वाटली. सुरुवात पाच लायसनांनी, प्रत्येकी 50 सापळे. तो धक्का शेवंड मासेमारीच्या ज्या क्षेत्र 34 मध्ये येतो, त्या एकट्यात नऊशेच्या वर व्यावसायिक लायसनं आहेत आणि एकेकाचे 375 ते 400 सापळे. गुणाकार तुम्हीच करा. तरी त्यांचे सापळे कापले गेले, ऑक्टोबरमध्ये शेवंडी ठेवायचं एक गोदाम जळालं.

मीठभाकर:
थांबा, स्थानिकांना खलनायक करू नका. इथे लायसन आणि बोट घ्यायला लाखो डॉलरचं कर्ज काढावं लागतं. उन्हाळ्यात सेंट मेरीज बेमध्ये, म्हणजे सोल्निएरव्हिलच्याच खाडीत, शेवंडी कात टाकायला आणि प्रजननाला येतात, असं त्यांचं म्हणणं. आज पाच, उद्या पाचशे, ही भीती हवेतली नाही.

खाडीपलीकडे:
भीती समजते, जाळपोळ नाही. आणि सीझन फक्त शेवंडीच्या सोयीने ठरलेला नाही. समोरच्या अमेरिकेतल्या मेन राज्यात ऐन उन्हाळ्यात पकडतात. नॉर्थंबरलंड सामुद्रधुनीच्या एका भागात ऑगस्टपासून सीझन असतो. हिवाळ्यात कवच कडक, भाव चांगला, हेही कारण आहेच.

हर्णैकर:
मनापासून आभार. म्हणजे भांडण ‘हक्क आहे का’ यावर नाही, ‘मर्यादा कोणी घालायची’ यावर आहे. असंच मांडतो. आणखी एक: हक्काने पकडलेला तो माल आमच्यासारख्या कारखान्याला घेता येतो का?

खाडीपलीकडे:
खरी मेख तिथेच आहे. प्रांताच्या नियमानुसार खरेदीदाराने सरकारी लायसन असलेल्याकडूनच माल घ्यायचा. न्यायालय विकायचा हक्क आहे म्हणतं, आणि घेणारा अडकतो. वाचनालयात बोलताना हा मुद्दा सोडू नका, फक्त तुमच्या कारखान्याचं उदाहरण देऊ नका. तुमचं वर्क परमिट कोणत्या मालकाच्या नावावर आहे ते आठवा.