होंडा सिव्हिक ऑटोमॅटिक (५-स्पीड): गिअरबॉक्सचं ऑइल घरीच बदलायचं आहे, पिट नाही

पुणे_सिव्हिक

गाडी सिव्हिक १.८, २०१०, ५-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक, ९२,००० किमी. ऑइल आधी कधी बदललं याची नोंद नाही. डिपस्टिकवर तपकिरी दिसतं, जळका वास नाही. गिअर बदलतो नीट, फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना गार असताना हलका धक्का जाणवतो.

हाताशी आहे ते: सिझर जॅक, अर्धा इंची रॅचेट, रिंग पान्यांचा सेट, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. टॉर्क रेंच नाही, मोजपात्र नाही. पार्किंग सपाट, काँक्रीटचं आहे. एवढ्यावर काम होईल का? ऑइल किती आणू? मॅन्युअलमध्ये झेड-१ लिहिलंय, दुकानदार डीडब्ल्यू-१ देतोय.

चौकोनी_पाना

होईल. नरसाळं, भांडं, मोजमाप या सगळ्याला घरचा पर्याय आहे. गाडी टेकवण्याला, ऑइलच्या ग्रेडला आणि बोल्टच्या वायसरला पर्याय शोधू नका.

आधी ऑइल. होंडाने झेड-१ च्या जागीच डीडब्ल्यू-१ आणलं, त्यामुळे बिनधास्त घ्या. होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्ये अडीनडीला डेक्स्रॉन-३ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा सर्वसाधारण ग्रेड) चालेल असं लिहिलंय, पण ते तात्पुरतं. कायम तेच ठेवलं तर शिफ्टिंग बिघडतं. सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या ऑटोमॅटिकचं ऑइल (एचएमएमएफ किंवा एचसीएफ-२) या गिअरबॉक्समध्ये अजिबात घालू नका. काउंटरवर ‘होंडा ऑटोमॅटिकचं ऑइल द्या’ एवढंच सांगितलं की हा घोळ होतो.

या गिअरबॉक्सला खाली काढता येणारं पॅन नाही. मोठी जाळी केसिंगच्या आत आहे, घरी तिच्या वाटेला जायचं नाही. ड्रेन बोल्ट काढला की साधारण २.४ लिटर येतं, आत एकूण सहाच्या आसपास असतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर, क्लच आणि कूलरच्या पाइपांत राहतं. म्हणजे एका वेळी जेमतेम ४० टक्के ऑइल नवं होतं, दोनदा केल्यावर ६५, तिसऱ्यांदा ८० च्या जवळ. म्हणून तीनदा काढा आणि भरा. प्रत्येक वेळी मध्ये १५-२० किमी चालवा, पाचही गिअर लागू द्या, काही वेळ एकसारख्या वेगात ठेवा म्हणजे कन्व्हर्टर लॉक होऊन त्यातलंही मिसळेल. तिन्ही एकाच दिवशी हवेत असं नाही, मध्ये आठवडे गेले तरी बिघडत नाही. ८ लिटर आणा, वायसर तीन आणा (१८ मिमी, ॲल्युमिनियमचा, दरवेळी नवा).

बोल्ट गिअरबॉक्सच्या तळाशी, गाडीच्या डाव्या बाजूला. डोक्यात चौकोनी खाच आहे, त्यात ३/८ ड्राइव्हचं रॅचेट थेट बसतं, सॉकेट लागत नाही. तुमचं अर्धा इंची बसणार नाही. ३/८ चं हँडल विकत घ्या. ते मिळेपर्यंत १० मिमीचा चौरस की-स्टीलचा तुकडा कानशीने ९.५ मिमी करून पान्यात धरला तरी चालतो, पण ढिला बसला तर खाच गोल होते, मग बोल्ट काढणं अवघड. शेजारचा १७ मिमीच्या षटकोनी डोक्याचा बोल्ट इंजिन ऑइलचा आहे. हे दोन उलटे झाले की गिअरबॉक्स रिकामा आणि इंजिनात दुप्पट ऑइल, अशी गाडी पुढे चालवून गिअरबॉक्स गेल्याची उदाहरणं आहेत. बाहेर आलेलं ऑइल पातळ आणि लालसर-तपकिरी दिसलं तरच पुढे जा.

गाडी उचलायला सिझर जॅक ठीक, पण खाली जायचं तर घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवूनच. दोन घोड्या भाड्याने मिळतात. विटा, सिमेंटचे ब्लॉक, सिपोरेक्स यांवर गाडी टेकवू नका, ते न सांगता तडकतात. मागच्या दोन्ही चाकांना पाचर लावा, हँडब्रेक ओढा.

भरायला बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळं करा आणि गवंड्याकडचा पारदर्शक लेव्हल पाइप मीटरभर जोडा. पाइप डिपस्टिकच्या भोकात जाईल एवढा बारीक हवा. पिवळं कडं असलेली डिपस्टिक गिअरबॉक्सची, केशरी इंजिनची. बाटली आणि पाइप पूर्ण कोरडे करा. पाण्याचे थेंब क्लचच्या कागदी अस्तरावर थेट परिणाम करतात.

कोल्हापूर_वर्कशॉप

वरचं सगळं बरोबर. मोजण्याबद्दल भर घालतो, कारण घरी चूक इथेच होते.

मोजपात्र नाही हे बरंच झालं, काटा वापरा. गरम ऑइल फुगतं: ८० अंशांना निघालेलं २.४ लिटर थंड झाल्यावर १०० मिलीपेक्षा जास्त आक्रसतं. गरम जेवढं निघालं तेवढंच थंड नवं ऑइल लिटरमध्ये मोजून ओतलं, तर जादा जातं. वजन तापमानाने बदलत नाही. रिकामा डबा आधी काट्यावर ठेवून शून्य करा, निघालेलं तोला, तेवढ्याच वजनाचं नवं ओता. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लिटरला ८५० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे २ किलोच्या थोडं वर यायला हवं. दीड किलोच आलं तर आधीच कमी होतं किंवा गाडी तिरकी आहे. बदलण्याआधीची लेव्हल तपासून लिहून ठेवा, नाहीतर आधीची चूक तशीच पुढे जाते.

लेव्हल तपासायची रीत: सपाट जागा, इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊ द्या, मग बंद करा. ६० सेकंदांनंतर, पण ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये हवं. दहा मिनिटं थांबून पाहिलेला आकडा या गिअरबॉक्सला लागू नाही.

ड्रेन बोल्ट आवळायचा टॉर्क (पिळण्याचा जोर) ४९ न्यूटन-मीटर, म्हणजे ५ किलोग्रॅम-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा घ्या. बोल्टच्या मध्यापासून २५ सेंमीवर हँडलला अडकवा आणि काटकोनात ओढा, २० किलो दिसले की थांबा. हँडल लांब असेल तर ५० सेंमीवर १० किलो. ओढ तिरकी गेली तर काटा सांगतो त्यापेक्षा बोल्ट कमी आवळला जातो. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. ‘अजून थोडं’ म्हणून पाइप लावून आवळलं की आटे जातात आणि खर्च हजारांत जातो.

पुणे_सिव्हिक

धन्यवाद. दोन शंका. बोल्टला चुंबक असतो म्हणे, त्यावर काय दिसलं तर काळजी करू? आणि काही व्हिडिओंत कूलरचा पाइप काढून इंजिन चालू ठेवून एकाच वेळी सगळं ऑइल बदलतात, ते केलं तर तीनदा करायला नको ना?

चौकोनी_पाना

चुंबकावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती क्लच-गिअरची नेहमीची झीज, पुसून टाका. बोटांत टोचणारे चकचकीत तुकडे किंवा नखाएवढे पत्रे दिसले तर आतलं काही तुटतंय. नवं ऑइल घालून ते थांबणार नाही, दाखवून घ्या. पेस्ट कागदावर पसरून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करता येते.

कूलरच्या पाइपाची पद्धत एकट्याने करू नका. पंप आतलं ऑइल खूप लवकर बाहेर टाकतो, वरून बारीक पाइपने तेवढ्या वेगात भरता येत नाही, आणि पंप काही सेकंद जरी कोरडा फिरला तरी क्लचला दाब मिळत नाही. इंजिन चालू-बंद करायला दुसरा माणूस असला तरी घरी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. तीनदा काढण्यात एखाद-दोन लिटर जास्त जातं, तेवढंच नुकसान. ‘फ्लश’ म्हणून मिळणारे द्रावकही टाकू नका, त्यांचा अंश आत राहतो.

भरून झाल्यावर गाडी लगेच चालवू नका. इंजिन चालू करून, ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी-आर-एन-डी प्रत्येक जागी ५ सेकंद ठेवा, दोनदा फिरवा, बोल्टखाली कागद टाकून गळती पाहा, मग लेव्हल.

तुम्ही म्हणता तो हलका धक्का जुन्या ऑइलमुळे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या बदलानंतर कमी होताना दिसेल. तसाच राहिला तर ऑइलचा दोष नाही.

कोल्हापूर_वर्कशॉप

जादा पडलंच तर: ऑइल फिरत्या गिअरांना लागून फेसाळतं, फेसामुळे दाब पडतो आणि क्लच घसरतो. वर ब्रीदरमधूनही (गिअरबॉक्सची हवा जायच्या नळीतूनही) बाहेर येतं. तसं चालवू नका. औषधांच्या दुकानात ६० मिलीची कॅथेटर-टिप (लांब निमुळत्या तोंडाची) सिरिंज आणि राइल्स ट्यूब (रुग्णाला नाकातून घालतात ती बारीक नळी) मिळते. गाडी गार झाल्यावर (गरम ऑइलने नळी मऊ पडते) डिपस्टिक जेवढी आत जाते तेवढीच नळी घाला, आणखी खोल सोडली तर गिअरांत अडकेल. एका वेळी १०० मिली काढा आणि वरच्या रीतीने पुन्हा तपासा.

निघालेलं ऑइल जमिनीत किंवा गटारात सोडू नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि जिथे वापरलेल्या ऑइलचा ड्रम पुनर्शुद्धीकरणाला जातो अशा गॅरेजला द्या. इंजिन ऑइलबरोबर एकत्र दिलं तरी ते घेतात, पण कूलंट त्यात मिसळू नका.